नांगर घडले, माणसे घडली

पुण्याहून रेल्वेने मिरजेकडे निघाले, की कराड मागे पडल्यावर किर्लोस्करवाडी नावाचे एक स्थानक लागते. पूर्वी या स्थानकाचे नाव कुंडल रोड होते. राजाचे, देवाचे किंवा पुढाऱ्याचे नाव स्थानकाला मिळाल्याची उदाहरणे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण नांगर तयार करणाऱ्या एका माणसाचे आडनाव रेल्वेच्या पाटीवर चढावे, हे विरळाच! त्या माणसाला, लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्करांना, जाऊन आता जवळपास सत्तर वर्षे होत आली.

लक्ष्मणरावांची ओळख आपल्याला शाळेपासून असते. लोखंडी नांगर करणारे, ओसाड माळावर कारखाना काढणारे, पंपांच्या जाहिरातीतून घराघरांत पोचलेले किर्लोस्कर. ही ओळख खोटी नाही. पण ती अर्धी आहे. मला गेली काही वर्षे वेगळाच प्रश्न पडतो. नांगर लक्ष्मणरावांनी काढला, हे ठीक. पण तो केला कोणी? १९१० साली कुंडलच्या आसपास दहा-वीस कोसांत लेथ पाहिलेला माणूस मिळणे मुश्कील होते. फिटर, मोल्डर, टर्नर हे शब्दही त्या मुलखात कोणाच्या कानावरून गेले नसतील. मग हजारो नांगर, चरक आणि पुढे पंप तयार करणारे हात आले कुठून?

हा प्रश्न पडण्याला कारणही तसेच आहे. कोणत्याही औद्योगिक वसाहतीत जा, लहान कारखानदारांच्या तोंडी एकच गाऱ्हाणे असते. कामाच्या ऑर्डरी आहेत, कर्ज काढून यंत्रे आणली आहेत, पण यंत्रापुढे उभा करायला माणूस नाही. फाटकावर कुशल कामगार पाहिजेत अशी पाटी महिनोन्‌महिने लटकत असते. गल्लीत मात्र वीस-बावीस वर्षांची मुले काम नाही म्हणून कट्ट्यावर बसलेली असतात. एका बाजूला रिकामी यंत्रे आणि दुसऱ्या बाजूला रिकामे हात! हे कोडे आजचे नाही. लक्ष्मणरावांच्या पुढ्यात ते याहून बिकट रूपात उभे होते आणि त्यांनी ते आपल्या पद्धतीने सोडवले. म्हणूनच त्यांचे चरित्र मला पुन्हा उघडावेसे वाटले.

रंगांनी दिलेला चकवा

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. अशा घरातल्या मुलाने शिकून सरकारी नोकरी धरावी, हा त्या काळचा सरळ रस्ता. पण या मुलाचे मन पुस्तकापेक्षा चित्रात आणि चित्रापेक्षाही मोडक्या वस्तू उघडून पाहण्यात अधिक रमे. शाळेत काही फारसे चमक दाखवणारे हे विद्यार्थी नव्हते. थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले.

दोन वर्षे गेली आणि ध्यानात आले, की काही रंगांमधला फरक आपल्या डोळ्यांना कळतच नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणाला याहून मोठा धक्का कोणता? वडिलांची नाराजी पत्करून, भावाच्या पैशावर मुंबईला आलेला मुलगा दुसरा कोणी असता तर गाठोडे बांधून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा धरून ठेवली. यंत्रांच्या रेखाटनात रंग लागत नाही. तिथे लागतो तो नेमकेपणा. त्या विषयाचे प्रमाणपत्र घेऊन ते मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, यांत्रिक रेखाटनाचे शिक्षक झाले.

ही संस्था १८८७ मध्ये निघाली होती आणि तिथे कार्यशाळा होती. शिकवण्याचे तास संपले की नवे शिक्षक कार्यशाळेत जात, यंत्रे कशी चालतात ते पाहत, हात काळे करून घेत. अमेरिकेतली यंत्रविषयक पुस्तके आणि मासिके मिळवून वाचत. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. त्यांची पदवी ही कार्यशाळाच होती. बरीच वर्षे अशी गेल्यावर बढतीची वेळ आली आणि ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि १८९७ च्या सुमारास ते बेळगावला परतले. वय अठ्ठावीस. हाती नोकरी नाही, गाठीला भांडवल नाही.

हे दोन नकार मी मुद्दाम सविस्तर सांगितले. एक नकार स्वतःच्या डोळ्यांनी दिला, दुसरा सरकारी व्यवस्थेने. माणसाची लायकी कागदावर एक लिहिलेली असते आणि हातात दुसरीच असते, हा धडा लक्ष्मणराव स्वतःच्या आयुष्यातून शिकले होते. पुढे कारखान्यासाठी माणसे निवडताना त्यांनी जे काही केले, त्याची गुरुकिल्ली मला इथे दिसते.

सायकलीच्या दुकानातून नांगराकडे

सायकल तेव्हा नवलाईची वस्तू होती. मुंबईत असल्यापासूनच लक्ष्मणराव तिथून सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवत आणि रामुअण्णा त्या विकत. किर्लोस्कर समूह आपल्या जन्माचे वर्ष १८८८ धरतो, ते या सायकलीच्या उद्योगामुळेच. बेळगावात दुकानावर किर्लोस्कर ब्रदर्स ही पाटी लागली. ते दुकान ज्या रस्त्यावर होते, त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात. दोघे भाऊ सायकली विकत, दुरुस्त करत आणि गिऱ्हाइकाला ती चालवायलाही शिकवत.

पण विकणे आणि दुरुस्त करणे यावर लक्ष्मणरावांचे समाधान नव्हते. त्यांना वस्तू घडवायची होती. पहिल्यांदा त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग हात घातला तो नांगराला.

ज्यांनी शेती जवळून पाहिली आहे त्यांना हा बदल किती मोठा होता ते सांगायला नको. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात. लाकडी नांगर वरची माती उकरतो, मुळे तशीच राहतात आणि पावसाबरोबर तण पुन्हा डोके वर काढते. लोखंडी नांगर माती खोलवर कापून पालथी करतो. विलायती लोखंडी नांगर मिळत होते, पण त्यांची किंमत आणि सुटे भाग या दोन्ही गोष्टी सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरच्या. लक्ष्मणरावांनी १९०३ च्या सुमारास आपला नांगर तयार केला आणि मग सुरू झाली खरी परीक्षा. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष उतरते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. पहिला नांगर विकला जायला तब्बल दोन वर्षे लागली!

आमच्या गावी गोठ्याच्या मागे किर्लोस्करांचा एक जुना नांगर कित्येक वर्षे पडून होता. लहानपणी आम्ही त्याच्यावर बसून घोडा घोडा खेळत असू. दांडी गंजली होती, फाळ मात्र हाताला अजून गुळगुळीत लागे. या फाळातच कारखानदाराची कसोटी होती, हे मला फार उशिरा कळले. फाळ झिजतो, बदलावा लागतो. गावचा लोहार एका शेतकऱ्याच्या नांगराला एक फाळ बसवून देई. बसला नाही तर तिथल्या तिथे ठोकून जुळवून घेई. कारखान्याला तसे करून चालत नाही. आज ओतलेला फाळ पाच वर्षांपूर्वी शंभर मैलांवर विकलेल्या नांगरालाही नेमका बसला पाहिजे. एकासारखी एक हजार नगांची घडण, हे कारखान्याचे कसब. ते आपल्या परंपरागत कारागिरीत नव्हते. ते शिकवणारी शाळाही आसपास नव्हती.

बत्तीस एकर निवडुंग

नांगर खपू लागले आणि बेळगावात नवेच संकट आले. कारखान्याची जागा नगरपालिकेला हवी होती. ती सोडणे भाग पडले. या अडचणीत धावून आले ते औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. बाळासाहेब १९०९ मध्ये गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार. रंगांमुळे चित्रकला सोडावी लागलेला कारखानदार आणि गादीवर बसूनही हातातला कुंचला न सोडणारा राजा, अशी ही जोडी! बाळासाहेबांनी आपल्या संस्थानात कुंडलजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज देऊ केले.

१० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव या जागेवर आले. जागा कसली, निवडुंगाचे रान होते ते. पाणी नाही, सावली नाही, पायाखाली साप. बेळगावहून त्यांच्याबरोबर पंचवीस कामगार आपापल्या बायकामुलांसह आले. मला नेहमी वाटते, की या पंचवीस कुटुंबांची गोष्ट कोणीतरी स्वतंत्रपणे लिहायला हवी. मालकाचे नाव इतिहासात राहते. पण बेळगावसारखे राहते गाव सोडून, चूल आणि पाळणा घेऊन, सापांच्या माळावर मुक्कामाला येणाऱ्या कामगाराच्या बायकोला त्या पहिल्या रात्री काय वाटले असेल? लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई याच माळावर संसार मांडून राहिल्या, हा त्या बायाबापड्यांना केवढा आधार वाटला असेल!

वसाहतीच्या आखणीची बाजू रामुअण्णांनी सांभाळली. घरे, रस्ते, पाणी, स्वच्छता, सारे पहिल्यापासून ठरवून. टाटांचे जमशेदपूर नुकतेच आकार घेत होते. त्याच्या मागोमाग देशात उभी राहिलेली ही औद्योगिक वसाहत. आणखी एक गोष्ट ठरवून झाली. वाडीत शिवाशीव पाळायची नाही. आज हे वाक्य आपण सहज वाचून पुढे जातो. १९१० साल आठवा, खेडेगावातला वेगळा पाणवठा आठवा, म्हणजे या नियमाचे वजन कळेल.

कोणाला नको असलेली माणसे

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. पंचवीस कामगारांवर कारखाना वाढत नाही. त्या काळी इंजिनिअर होणारे बहुतेक तरुण सरकारी बांधकाम खात्याचा किंवा रेल्वेचा रस्ता धरत. मुंबईच्या गिरण्यांतला कसबी कामगार कुंडलच्या माळावर कशाला येईल? म्हणजे शिकलेली माणसे मिळणार नव्हती. जी मिळत होती ती होती आसपासच्या खेड्यांतली, शेतीची सवय असलेली माणसे आणि इकडेतिकडे अपयशी ठरून फिरत आलेले तरुण.

लक्ष्मणरावांनी हीच माणसे घेतली. शंभूराव जांभेकर हे असेच वाडीतले एक इंजिनिअर. पुस्तकी चौकटीत न बसणारे, पण यंत्राची नाडी ओळखणारे. के. के. कुलकर्णी यांनी तोवर हातात घेतलेल्या बहुतेक उद्योगांत अपयश पाहिले होते. वाडीत ते व्यवस्थापक म्हणून नावाजले. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडून आले होते. त्यांच्यातून कल्पक यंत्रज्ञ तयार झाला. मंगेशराव रेगे यांनी कचेरी आणि हिशेब सांभाळले. यांतला एकही जण आजच्या नोकरीच्या जाहिरातीतल्या अटींत बसेल की नाही, याची मला शंका आहे.

आणि तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग? या दोघांना दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली होती. इंग्रज सरकारचा कायदा त्या काळी काही जमातींच्या लोकांना जन्मतःच गुन्हेगार समजे; मग शिक्षा भोगून आलेल्याला दारात कोण उभे करणार? लक्ष्मणरावांनी त्यांच्या हाती वाडीची राखण दिली. रात्री बायकामुले झोपलेली असताना जागणारी ही माणसे. दोघेही त्या विश्वासाला जागले.

वाचकहो, या गोष्टीचे कौतुक करताना एक धोका असतो. लक्ष्मणराव म्हणजे कोणी साधुपुरुष होते आणि दयेपोटी त्यांनी हे केले, असे चित्र आपण रंगवतो. मला ते पटत नाही. ते कारखानदार होते. नांगर वेळेवर गेला पाहिजे, फाळ तुटता कामा नये, याची काळजी त्यांना रात्रंदिवस असणार. नालायक माणूस दयेने ठेवणे त्यांना परवडण्यासारखे नव्हते. त्यांचे वेगळेपण एवढेच, की माणूस नालायक आहे हा दुसऱ्याने दिलेला निकाल ते मान्य करत नसत. ते काम देऊन पाहत. एका कामात चुकला तर दुसऱ्या कामात उपयोगी पडतो का, हे पाहत. यालाच मी त्यांचे हिशेबीपण म्हणेन.

ओतशाळेची शाळा

नांगराचा प्राण ओतकामात असतो. घरात बसून ही गोष्ट वाचणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर सांगतो, कारण कसब म्हणजे काय ते इथे कळते.

आधी सुतार वस्तूचा लाकडी नमुना करतो. तो मूळ वस्तूपेक्षा किंचित मोठा असावा लागतो, कारण लोखंड थंड होताना आकसते. किती मोठा, हे चुकले की पुढचे सगळे चुकले. मग ओल्या वाळूत तो नमुना दाबून साचा करतात. वाळू फार ओली असेल तर तिच्यातल्या पाण्याची वाफ होऊन आत पोकळी राहते. फार कोरडी असेल तर साच्याची कड ढासळते. किती ओली? मुठीत दाबून उघडली की गोळा टिकला पाहिजे आणि मोडला तर स्वच्छ मोडला पाहिजे. हे पुस्तकात लिहिता येते, पण कळते ते मुठीलाच. भट्टीतला बिडाचा रस ओतण्याजोगा झाला की नाही, ते जुना ओतारी त्याच्या झळाळीवरून सांगतो. रस थंडावला तर साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. ओतताना हात थबकला तर वस्तूला सांधा पडतो आणि तिथेच ती पुढे तुटते.

कालपर्यंत बैल हाकणाऱ्या माणसाला हे सगळे शिकवायचे होते. शिकवणाऱ्यांनाही ते कोणी शिकवलेले नव्हते. खुद्द लक्ष्मणराव परदेशी मासिके वाचून, चुकत-माकत, फसलेला माल पुन्हा भट्टीत टाकत शिकले होते. मला वाटते, यातूनच वाडीचा स्वभाव घडला. ज्या मालकाने स्वतः शेकडो वेळा माल बिघडवला आहे, त्याला नवख्याच्या हातून बिघडलेल्या मालाची किंमत कळते. ती शिक्षणाची फी असते आणि ती कोणीतरी भरावी लागते. सरकार भरत नव्हते, शिकाऱ्याच्या खिशात दमडी नव्हती. म्हणून ती कारखान्याने भरली.

आणि शेतकऱ्याच्या पोराकडे काहीच नव्हते असेही नाही. बैलाच्या पाठीला कुठे टोचते, नांगर हाताला जड का लागतो, कोणत्या जमिनीत फाळ अडतो, हे त्याला शहरातल्या इंजिनिअरपेक्षा अधिक कळत होते. आपण करतो ती वस्तू कोणासाठी, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला काम शिकवणे सोपे जाते.

युद्ध आणि तोफा

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. विलायती नांगर येणे थांबले, मागणी वाडीकडे वळली. पण त्याबरोबर लोखंडही मिळेनासे झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावर पडलेल्या जुन्या तोफा या वेळी वितळवण्यासाठी दिल्या, असे सांगतात. तोफांचे नांगर व्हावेत, याहून सुंदर कहाणी कोणती! मला मात्र त्यात कारागिरांची परीक्षा दिसते. शेकडो वर्षांपूर्वीचे, कोणी कसे ओतले ते ठाऊक नसलेले धातूचे धूड फोडायचे, वितळवायचे आणि त्यातून शेतात टिकणारी वस्तू काढायची. ज्यांच्या हातात चार-पाच वर्षांपूर्वी कासरा होता, त्यांनी हे केले.

१५ जानेवारी १९२० रोजी किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित भांडवलाची कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू केले. नांगराची माहिती शेतकऱ्याला द्यावी एवढ्या हेतूने निघालेल्या त्या पत्रातून पुढे किर्लोस्कर मासिक आकाराला आले, १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर निघाले. आमच्या पिढीच्या घरांत या मासिकांचे जुने अंक कपाटावर रचलेले असत. ओतशाळेच्या माळावरून मराठी घरांत विचार पोचावेत, हाही त्याच वृत्तीचा भाग होता. माणूस शिकू शकतो, मग तो ओतारी असो की माजघरातली बाई.

लक्ष्मणराव पुस्तकी शिक्षणाच्या विरोधात होते, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. त्यांनी मुलगा शंतनुराव आणि पुतण्या माधव यांना अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्येच्या संस्थेत शिकायला धाडले. माधव तिथेच क्षयाने गेला. वाडीच्या वाढीची ही किंमत फारशी कोणी मोजत नाही. शंतनुराव १९२६ मध्ये पदवी घेऊन परतले. त्याच वर्षी वाडीत सेंट्रिफ्यूगल पंपाचे काम सुरू झाले. नांगर तयार करणाऱ्यांना आता फिरत्या दांड्याचा तोल आणि बेअरिंगची बारीक मापे शिकावी लागली. परदेशी शिकून आलेला मुलगा आणि माळावर शिकलेले कारागीर यांची सांगड वाडीत बसली, म्हणून हे जमले. नुसत्या पदवीने किंवा नुसत्या हाताने ते झाले नसते.

पुढे १९४१ मध्ये हरिहरला यंत्रे तयार करणारा म्हैसूर किर्लोस्कर आणि १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिनांचा व बंगलोरला विजेच्या यंत्रांचा कारखाना, असा विस्तार झाला. त्याची मुळे कुंडलच्या माळावरच होती.

आग

हे सगळे वाचून वाडी म्हणजे रामराज्य होते असे वाटेल. तसे नव्हते. मालकाच्या चांगुलपणावर चालणारी व्यवस्था मालक चांगला असेपर्यंतच चांगली. घर मालकाचे, शाळा मालकाची, पाणी मालकाचे. मग कामगाराने नाही कधी म्हणायचे? हा प्रश्न अशा प्रत्येक वसाहतीला विचारला जातो आणि तो रास्तच आहे. शिवाय पंचवीस कुटुंबांत प्रत्येकाची पारख करता येते, पाच हजारांत येत नाही. लक्ष्मणरावांची रीत जशीच्या तशी उचलता येणार नाही, हे मान्य करून पुढे गेले पाहिजे.

आणि त्यांच्या आयुष्याची सर्वांत कठोर परीक्षा उतारवयातच झाली. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर ब्राह्मणांविरुद्ध उसळलेल्या दंगलीत वाडीही पेटवण्यात आली. जिथे शिवाशीव नव्हती, जिथे दरोडेखोर राखणदार झाले, तीच वाडी जळाली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. माणूस मुळात चांगला असतो, या एका श्रद्धेवर ज्याने आयुष्य उभे केले, त्याला म्हातारपणी हे पाहावे लागावे!

इमारती जळाल्या, साचे जळाले. हातातले कसब मात्र जळण्यासारखे नव्हते. ज्यांनी एकदा काहीही नसताना शिकून घेतले होते, त्यांना दुसऱ्यांदा उभे राहण्यासाठी कोणाकडून काही शिकायचे नव्हते. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि वाडी आजही पंप करते. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीच्या वर्षी टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

पाटी लावण्यापूर्वी

आज कुशल कामगार तयार करायला आपल्याकडे व्यवस्था आहे. कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० पासून, शिकाऱ्यांसाठीचा कायदा १९६१ पासून. गावोगाव आयटीआय आहेत. लक्ष्मणरावांना यातले काही मिळाले नव्हते. तरीही फाटकावरची पाटी उतरत नाही. दोष संस्थांचा आहे, जुन्या यंत्रांचा आहे, मुलांना हात काळे करण्यात कमीपणा वाटावा अशा आपल्या घरांचाही आहे. मुलगा कारकून झाला तर पेढे आणि फिटर झाला तर गप्प, ही रीत आपणच पाळतो.

पण कारखानदारांनीही एकदा स्वतःला विचारायला हवे, की आपण माणूस शोधतो आहोत की तयार माल? शेजारच्या कारखान्याने शिकवलेला माणूस दोनशे रुपये जास्त देऊन पळवायचा आणि तो आपल्याकडून पळाला की कामगार टिकत नाहीत म्हणून हळहळायचे, याने कसब वाढत नाही. ते नुसते जागा बदलते. कोणीतरी पहिल्यांदा वाळू बिघडू द्यावी लागते, रस सांडू द्यावा लागतो.

आज कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात ओतशाळांची दाटी आहे. त्याचे सारे श्रेय एका माणसाला देणे बरोबर होणार नाही. त्यात कित्येक नामांकित आणि अनामिक मिस्त्र्यांचा वाटा आहे. पण या मुलखातली शेतकऱ्याची मुले यंत्रापुढे उभी राहू शकतात, हे पहिल्यांदा ठसठशीतपणे दाखवले ते निवडुंगाच्या त्या बत्तीस एकरांनी. लक्ष्मणरावांच्या नांगरांपैकी बहुतेक आता भंगारात गेले असतील. त्या नांगरांबरोबर घडलेल्या माणसांची नातवंडे-पतवंडे मात्र आजही कुठल्या ना कुठल्या यंत्रापुढे उभी असतील. त्यांच्याकडे हाताचे कसब आहे. ते पुढच्या पोराच्या हातात देण्याइतका वेळ आणि धीर त्यांना कोणी देणार आहे का, एवढेच आता पाहायचे.